औषधासह संसार : प्रस्तावना

पुरस्थ ग्रंथीच्या, म्हणजे लोकभाषेत प्रोस्टेटच्या, कर्करोगावर जे संप्रेरकोपचार केले जातात, त्यांनी गेल्या आठ दशकांत असंख्य पुरुषांचे आयुष्य वाढविले, हाडांत पसरलेल्या रोगाच्या असह्य वेदना शमविल्या, अंथरुणाला खिळलेल्यांना पुन्हा आपल्या पायांवर उभे केले. आणि या उपकाराची नोंद वैद्यकशास्त्राच्या इतिहासात यथायोग्य झालेली आहे. परंतु ज्या शरीरातून रोगाचे पोषण काढून घेतले, त्याच शरीरातून त्याबरोबर आणखी काय काय निघून गेले, आणि ते गेल्यानंतर माणसाने व त्याच्या कुटुंबाने पुढली वर्षे कशी काढली, ही हकीकत बहुधा दवाखान्याच्या दाराबाहेरच राहिली. रुग्णाला ती सांगण्याचा संकोच वाटला, वैद्याला ती ऐकण्यास सवड झाली नाही, आणि घरातल्यांना ती विचारावी कशी हेच उमगले नाही. प्रस्तुत ग्रंथ त्या राहून गेलेल्या हकीकतीचा आहे.

तो नाशिकच्या द्वारका भागात आकारास आला. मुंबई-आग्रा रस्ता आणि नाशिक-पुणे रस्ता जेथे एकमेकांस भेटतात, त्या या चौकावरून नाशिक जिल्ह्याचे अर्धे दुखणे येजा करीत असते असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. निफाड-चांदवडचा कांदा-द्राक्षे पिकविणारा शेतकरी, सिन्नरचा कामगार, मालेगावचा यंत्रमागवाला, नाशिकरोडच्या छापखान्यातून अथवा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेला नोकरदार, असे नाना प्रकारचे साठी-सत्तरीतले पुरुष हातात तपासण्यांची फाईल घेऊन या परिसरातून मुंबई नाक्याकडच्या व शहरातल्या इतर इस्पितळांकडे जातात, दर महिन्याचे किंवा दर तीन महिन्यांचे इंजेक्शन घेतात, आणि परततात. त्यांच्या फाईलीत पीएसएचा, म्हणजे पुरस्थ ग्रंथीच्या रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाचा, आकडा असतो, हाडांच्या स्कॅनचा अहवाल असतो, पुढील तारखेचा शिक्का असतो. पण रात्री दोन वाजता अंगातून वाफा निघाल्यासारखे होऊन जाग का येते, जिना चढताना पायांतले त्राण कोठे गेले, वर्तमानपत्रातली साधी बातमी वाचताना उगाच डोळे का भरून येतात, यांविषयी एक ओळही नसते. ती ओळ लिहिली जावी, एवढ्याच उद्देशाने या ग्रंथाची तजवीज झाली.

विषयाच्या नवख्या वाचकासाठी प्रथम शरीरातला कारभार थोडक्यात सांगितला पाहिजे. पुरस्थ ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते, आणि तिची वाढ व तिचे कार्य टेस्टोस्टेरोन नावाच्या पुरुषसंप्रेरकाच्या हुकमतीखाली चालते. हे संप्रेरक मुख्यत्वेकरून वृषणांत आणि अल्पांशाने मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींत तयार होते. आणि वृषणांनी ते किती तयार करावे याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून सुटतो. त्या ग्रंथीलाही तिच्या वरच्या अधश्चेतकाकडून इशारा मिळावा लागतो. कर्करोगाच्या पेशी पुष्कळ अंशी या संप्रेरकावरच जगतात. म्हणून ही साखळी कोठेही तोडली, तरी रोगाचे पोषण आटते, गाठी आकसतात आणि पीएसए उतरतो. परंतु हेच संप्रेरक पुरुषाच्या हाडांत चुना, म्हणजे कॅल्शियम, भरते, स्नायू घडविते, रक्त लाल ठेवते, चरबीला आवर घालते, कामेच्छा जागी ठेवते, मनाला उभारी देते आणि शरीराच्या उष्णतेचे नियमन करण्यात सहभागी होते. एका मुक्कामाची रसद तोडण्यासाठी सगळा रस्ताच बंद करावा लागतो, आणि त्या रस्त्यावर शरीराची इतर अनेक गावे वसलेली असतात. संप्रेरकोपचाराचे दुष्परिणाम म्हणजे उपचारातली चूक नव्हे. औषध लागू पडल्याची ती दुसरी बाजू आहे. सबब ते आधीच सांगता येतात, मोजता येतात, आणि पुष्कळसे आवरता येतात. या ग्रंथाचा सारा आधार या एका विधानावर आहे.

या ज्ञानाचा इतिहास दीर्घ आहे. लघवी अडविणाऱ्या, दगडासारख्या घट्ट गाठीचे वर्णन सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात वाताष्ठीला या नावाने आलेले आहे, आणि आजचे अनेक वैद्य ते पुरस्थ ग्रंथीच्या वृद्धीशी जोडतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन हंटर या स्कॉटिश शल्यविशारदाने खच्ची केलेल्या प्राण्यांत ही ग्रंथी आकसते असे नोंदविले. १८९५ साली फिलाडेल्फियाच्या विल्यम व्हाइट याने वृद्ध पुरुषांच्या वाढलेल्या ग्रंथीवर वृषणे काढून टाकण्याचा इलाज सुचविला. परंतु कर्करोगाशी या गोष्टीचा संबंध निर्विवादपणे सिद्ध केला तो शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी, १९४१ साली. हाडांत रोग पसरलेल्या रुग्णांची वृषणे काढली, अथवा त्यांना स्त्रीसंप्रेरक दिले, म्हणजे रक्तातील ॲसिड फॉस्फटेज हे द्रव्य उतरते आणि वेदना ओसरतात, हे त्यांनी दाखविले. हगिन्स यांना त्याबद्दल १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच १९४१ सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या परळ भागात टाटा स्मारक रुग्णालयाची दारे उघडली, आणि या प्रांतातल्या कर्करुग्णाला प्रथमच स्वतःचे असे एक ठिकाण लाभले.

पुढल्या काळातला विकास हा जितका रोगाशी झुंजण्याचा, तितकाच उपचाराच्या परिणामांशी झुंजण्याचाही आहे. १९३८ साली लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्रीसंप्रेरक तयार केल्यामुळे शस्त्रक्रिया टाळून गोळीवर रोग आवरता येऊ लागला, आणि दोन-अडीच दशके ती गोळी सर्वत्र वापरली गेली. परंतु अमेरिकेतील माजी सैनिकांच्या इस्पितळांनी चालविलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९६७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मोठ्या मात्रेत ती घेणारे रुग्ण कर्करोगाने कमी पण हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने अधिक संख्येने दगावत असल्याचे उघडकीस आले. रोग जिंकून माणूस गमावण्याचा हा धडा या क्षेत्राने पुढे कधी विसरू नये, अशा योग्यतेचा होता. त्यानंतर अधश्चेतकाकडून सुटणाऱ्या इशाऱ्याच्या रेणूची रचना १९७१ साली अँड्र्यू शॅली यांच्या प्रयोगशाळेत उलगडली, १९७७ साली शॅली आणि रोजे गिय्मँ यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, आणि १९८५ साली त्या रेणूवर बेतलेले ल्यूप्रोलाइड हे इंजेक्शन अमेरिकेत मान्य झाले. वृषणे जागी ठेवून त्यांचे काम थांबविणारी ही पद्धत जगभर रूढ झाली. पुढे बायकॅल्युटामाइडसारख्या, पेशींवरील संप्रेरकाचा परिणाम अडविणाऱ्या रोधक गोळ्या आल्या. २०११ साली ॲबिराटेरोन, २०१२ साली एन्झाल्युटामाइड, त्यामागून ॲपाल्युटामाइड व डॅरोल्युटामाइड आले. आणि २०२० च्या डिसेंबरात रेल्युगोलिक्स ही तोंडाने घेण्याची, इंजेक्शनाचे काम करणारी गोळी अमेरिकेत मान्य झाली. प्रत्येक नव्या औषधाने आयुष्याची मुदत वाढविली, आणि प्रत्येकाने आपल्याबरोबर स्वतःची अशी एक तक्रारींची यादीही आणली.

महाराष्ट्रातील परिस्थिती या जागतिक चित्राशी जुळती असूनही काही बाबतींत निराळी आहे. १९६३ साली मुंबईत भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग-नोंदणी सुरू झाली, आणि तिच्या दप्तरांवरून पाहता पुरस्थ ग्रंथीचा कर्करोग मुंबईच्या पुरुषांतील पहिल्या दहा कर्करोगांत मोडतो. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण रोग हाडांत उतरल्यावर, पाठदुखीचा इलाज महिनोन्महिने करून थकल्यावर येतात. त्यामुळे अल्पमुदतीचे नव्हे, तर जन्माचे संप्रेरकोपचार त्यांच्या वाट्यास येतात. इंजेक्शनाचा खर्च वर्षानुवर्षे पेलणे ज्यांना शक्य नाही, त्यांना एकदाच वृषणे काढून टाकण्याची शस्त्रक्रिया सुचविली जाते. ती स्वस्त, खात्रीची आणि लवकर गुण देणारी असल्याने पाश्चात्त्य देशांत मागे पडूनही आपल्याकडे टिकून आहे. राज्य शासनाने २०१२ साली काही जिल्ह्यांत सुरू केलेली आणि पुढे सर्व जिल्ह्यांत नेलेली, आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाणारी योजना कर्करोगाच्या उपचारांचा मोठा भार उचलते, ही समाधानाची गोष्ट होय. टाटा स्मारक रुग्णालयाने २०११ ते २०१७ या काळात २२४ रुग्णांवर किरणोपचारांचा जो अभ्यास केला आणि ज्याचे निष्कर्ष २०२१ साली जगापुढे ठेवले, त्यातील रुग्णांना किरणांच्या जोडीला किमान दोन वर्षे संप्रेरकोपचार देण्यात आले. आणि पाच वर्षांनंतर त्यांपैकी बहुसंख्य रुग्णांचा रोग काबूत होता. म्हणजे उपचार यशस्वी होतात, माणसे जगतात, आणि म्हणूनच ती कशी जगतात हा प्रश्न उभा राहतो.

आता प्रत्यक्ष दुष्परिणामांच्या प्रदेशात शिरू. सर्वांत आधी आणि सर्वांत उघडपणे जाणवतो तो गरम झळांचा त्रास. दहांपैकी सात-आठ पुरुषांना तो कमीअधिक प्रमाणात होतो. छातीतून एकाएकी उष्णता उसळते, चेहरा तापतो, घाम फुटतो, आणि काही मिनिटांत सारे ओसरून अंगावर काटा येतो. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत माणूस मध्यरात्री गोधडी फेकून ओसरीवर येऊन बसतो, तेव्हा घरच्यांना ताप आला की रक्तदाब वाढला हे कळत नाही, आणि जवळच्या डॉक्टरकडे नेल्यावर सर्व तपासण्या निर्दोष निघाल्या म्हणजे संशय आणखी वाढतो. वास्तविक घरातल्या आजीने चाळिशी-पन्नाशीत जे सोसले, तेच हे. मेंदूतील उष्णतेचे नियमन संप्रेरकाच्या अभावी बिघडते, एवढाच त्याचा अर्थ. कडक चहा, तिखट जेवण, दारू, बंद खोली यांनी तो बळावतो हे पुष्कळांच्या अनुभवास येते. सुती कपडे, रात्री उघडी खिडकी आणि आपल्या झळा कधी येतात याचे छोटे टिपण यांनी तो सुसह्य होतो. आणि तेवढ्याने न भागल्यास त्यावर औषधेही आहेत. १९४१ साली शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णापाशी यांतले काहीच नव्हते. आजच्या रुग्णाने मुकाट्याने सोसत बसण्याचे कारण नाही.

झळा दिसतात, हाडांचा ऱ्हास दिसत नाही, आणि म्हणून तो अधिक घातक. जुन्या वाड्याच्या भिंतीला आतून लोणा लागावा आणि बाहेरचा गिलावा तसाच राहावा, तशी ही अवस्था असते. पहिल्या वर्षभरातच मणक्यांची घनता २ ते ८ टक्क्यांनी उतरू शकते. अमेरिकेतील पन्नास हजारांहून अधिक रुग्णांची दप्तरे तपासून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की निदानानंतर पाच वर्षे जगलेल्या पुरुषांपैकी, संप्रेरकोपचार घेतलेल्यांत १९.४ टक्क्यांचे हाड मोडले होते, तर न घेतलेल्यांत १२.६ टक्क्यांचे. सत्तरीतल्या माणसाच्या खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्या घराने अनुभवले आहे त्याला या आकड्यांचे भाष्य नको. उपाय मात्र साधे आणि हाती असलेले आहेत: उपचाराच्या आरंभीच हाडांची घनता डेक्सा यंत्राने मोजून घेणे, ड जीवनसत्त्वाची तपासणी, आहारात पुरेसा चुना. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, पेठ-सुरगाण्याकडे पिकणारी नागली ही चुन्याने समृद्ध आहे, आणि तिची भाकरी दूध-ताकासह रोजच्या ताटात आली तर आहाराचा हा भाग बिनखर्चात साधतो. ज्यांना धोका अधिक, त्यांच्यासाठी झोलेड्रोनिक आम्ल किंवा डेनोसुमॅब यांची इंजेक्शने आहेत. २००९ सालच्या अभ्यासात डेनोसुमॅबने मणक्यांच्या मोडीचे प्रमाण तीन वर्षांत ३.९ वरून १.५ टक्क्यांवर आणले. ही औषधे सुरू करण्यापूर्वी दातांची तपासणी व डागडुजी करून घ्यावी, कारण त्यांच्यामुळे क्वचित जबड्याच्या हाडास अपाय होतो. ही सूचना आजही कित्येकांना मिळत नाही.

तिसरा परिणाम शरीराच्या घडणीवर होतो. वर्षभरात स्नायू झडतात, त्यांच्या जागी, विशेषतः पोटावर, चरबी साचते. वजनकाट्यावर थोडाच फरक दिसतो, पण पिशवी उचलताना, बैठकीतून उठताना आणि बसची पायरी चढताना तो कळून येतो. या चरबीबरोबर रक्तातील साखर आणि मेद वाढू लागतात. २००६ साली अमेरिकेत सत्तर हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत संप्रेरकोपचाराच्या इंजेक्शनांमुळे मधुमेहाचा धोका सुमारे ४४ टक्क्यांनी आणि हृदयरोगाचा १६ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले, आणि २०१० साली तेथील औषध प्रशासनाने तसा इशारा औषधांच्या माहितीपत्रकात घालण्यास लावले. आपल्या समाजात मधुमेह आधीच घरोघरी आहे. त्यामुळे कर्करोगाचे डॉक्टर आणि मधुमेहाचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलणे ही येथे चैनीची गोष्ट राहत नाही. तसेच रक्त काहीसे कमी होते, थकवा येतो. आणि हा थकवा झोपेने जात नाही. आश्चर्य असे की त्यावर सर्वांत भरवशाचा ठरलेला इलाज विश्रांतीचा नसून व्यायामाचा आहे. कॅनडात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५५ पुरुषांपैकी ज्यांनी बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा वजने उचलण्याचा व्यायाम केला, त्यांचा थकवा कमी झाला आणि अंगात बळ आले. 'आता आराम करा' हा आपल्याकडचा प्रेमळ सल्ला या रोग्याच्या बाबतीत अहितकारक ठरतो, हे घरच्या मंडळींनी मनावर घेतले पाहिजे; हाडांत रोग असल्यास कोणता व्यायाम करावा हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मनाचे दुखणे सांगणे अधिक अवघड. ज्यांनी साऱ्या आयुष्यात कोणाच्या मयतातही डोळ्यांतून पाणी काढले नाही, त्यांना नातवाच्या गॅदरिंगात हुंदका येतो. नावे आठवत नाहीत, हिशेब चुकतात, चिडचीड होते, आणि कधी कधी काही दिवस काहीच नकोसे वाटते. काहींची छाती दुखरी होऊन वाढते, विशेषतः केवळ रोधक गोळ्या घेणाऱ्यांची. अंगावरचे केस विरळ होतात. वृषणे व लिंग आकसतात. आरशात दिसणारा माणूस ओळखीचा राहत नाही. यांतले पुष्कळसे औषधाने घडते, स्वभावाच्या दुबळेपणाने नव्हे, एवढे जरी कोणी सांगितले तरी अर्धे ओझे उतरते. आणि उदासी टिकून राहिली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे हाही कर्करोगाच्याच उपचाराचा एक भाग समजावा.

सर्वांत गाढ मौन कामजीवनाभोवती आहे. संप्रेरक गेले की इच्छाच मावळते. ती मावळल्याचे दुःखही कधी कधी त्याच इच्छेबरोबर निघून जाते, आणि मागे राहते ती पत्नीची संभ्रमित एकाकिता. नवरा दूर का झोपतो, हात का लावीत नाही, आपल्या हातून काही चुकले काय, असे प्रश्न ती कोणाला विचारणार? 'साठी उलटली, आता कशाला ते' असे म्हणून समाज हा मामला निकालात काढतो. शस्त्रक्रिया झालेल्याच्या मनात तर नामर्दपणाचा कलंक घर करून बसतो, आणि तो पत्नीपासूनही ती गोष्ट लपवितो. या क्षेत्रातील जाणत्यांचे म्हणणे असे की नुकसान केवळ संभोग थांबल्याने होत नाही. तो थांबला म्हणून स्पर्श, शेजार आणि बोलणे हीही थांबवली जातात, त्याने होते. ज्या जोडप्यांना उपचारापूर्वीच हे एकत्र बसवून सांगितले गेले, त्यांना आपला शेजार टिकविण्याची संधी तरी मिळते. याच संदर्भात एक गंभीर सूचना येथे नोंदविणे भाग आहे: पौरुषवर्धक म्हणून विकली जाणारी चूर्णे आणि गोळ्या या रोग्याने डॉक्टरांना दाखविल्यावाचून घेऊ नयेत, कारण ज्या संप्रेरकाला रोखण्यासाठी सारा खटाटोप चालला आहे, तेच मागल्या दाराने आत येण्याचा संभव त्यात असतो.

दुष्परिणामांशी कसे वागावे याविषयी गेल्या चार दशकांत काही स्पष्ट विचारपंथ निर्माण झाले आहेत. एक पंथ रोगाला अग्रस्थान देतो: संप्रेरकाचा पूर्ण निरोध, लवकर आणि दीर्घकाळ, त्रासांची तजवीज मागाहून. दुसरा पंथ खंडित उपचाराचा, म्हणजे पीएसए उतरल्यावर औषध थांबवून तो वाढल्यावर पुन्हा सुरू करण्याचा. किरणोपचारानंतर केवळ पीएसए वाढलेल्या १,३८६ पुरुषांवर झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही पद्धत आयुर्मानाच्या दृष्टीने कमी ठरली नाही, आणि झळा व कामेच्छा यांबाबत सुखावह ठरली. परंतु रोग पसरलेल्यांवरील २०१३ सालच्या अभ्यासात ती तितकीच सुरक्षित असल्याची खात्री देता आली नाही. तिसरा पंथ ब्रिटनमधील संशोधकांचा: स्त्रीसंप्रेरक तोंडाने देण्याऐवजी त्वचेवरच्या पट्टीतून दिल्यास जुन्या गोळीचा हृदयावरील धोका टळून हाडांचे रक्षण होते काय, याचा शोध त्यांनी घेतला; हाडे राखली जातात, छाती मात्र अधिक वाढते, असा तो सौदा आहे. चौथा पंथ व्यायामाचा, ज्याची भूमी मुख्यत्वे कॅनडा व ऑस्ट्रेलिया. पाचवा पंथ शिक्षणाचा व दांपत्याचा. त्यात स्वतः हा उपचार घेतलेले जीवशास्त्रज्ञ रिचर्ड वॉसरसग यांचे नाव अग्रभागी येते, आणि त्यांनी दोन मानसशास्त्रज्ञांसह २०१४ साली लिहिलेले रुग्णांसाठीचे मार्गदर्शक पुस्तक या पंथाचा पायाभूत ग्रंथ मानावा लागेल. हे पंथ परस्परांचे शत्रू नाहीत. रुग्ण कोणत्या टप्प्यावर आहे, यावर कोणाचे किती ऐकावे हे अवलंबून असते.

मराठी भाषेला हा विषय परका वाटण्याचे वास्तविक काही कारण नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, खटले, दंड आणि उपेक्षा सोशीत, शरीराच्या गोष्टी शास्त्राच्या भाषेत आणि लाजेविना मराठी वाचकापुढे मांडल्या. १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. पद्मजा फाटक यांच्या 'हसरी किडनी'सारख्या पुस्तकांनी दीर्घ आजाराची हकीकत ही साहित्याची सामग्री होऊ शकते हे दाखवून दिले. असे असता साठीपुढल्या पुरुषाच्या शरीराविषयी आपल्या भाषेत इतकी सामसूम का असावी? पुरुषाने सोसावे आणि बोलू नये, ही शिकवण आपण मुलग्यांना लहानपणीच देतो, आणि तिचे व्याज ते म्हातारपणी भरतात. कर्व्यांनी तरुणांसाठी जो मोकळेपणा मिळविला, तो वृद्धांपर्यंत पोहोचविण्याचे काम अद्याप उरले आहे.

ते आजच करणे अगत्याचे का, हेही सांगितले पाहिजे. माणसे पूर्वीपेक्षा अधिक जगत आहेत, त्यामुळे हा रोग अधिक आढळणार. पीएसएची तपासणी आता तालुक्याच्या गावीही होते, त्यामुळे तो लवकर सापडणार. आणि नवी औषधे भारतीय कंपन्यांनी स्वस्त केल्याने ती अधिक घरांत पोहोचणार. रोग पसरलेल्या ज्या अवस्थेत पूर्वी दोन-तीन वर्षे हाती लागत, तेथे आता कित्येकांना त्याहून पुष्कळ अधिक वर्षे मिळतात. मुदत थोडी असताना दुष्परिणामांकडे दुर्लक्ष करणे क्षम्य होते; ती लांबल्यावर ते क्षम्य राहत नाही. आणि ज्या शहरात १९९८ पासून राज्याच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे, त्या नाशिकने या बाबतीत पुढाकार घ्यावा, अशी अपेक्षा बाळगणे अनुचित ठरू नये.

या ग्रंथाने काय साधू पाहिले आहे? तो उपचारांची संहिता नव्हे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय तर मुळीच नव्हे. दुष्परिणामांच्या भीतीने कोणी इंजेक्शन चुकविले किंवा गोळी बंद केली, तर या पुस्तकाचा हेतूच निष्फळ झाला असे आम्ही समजू. त्यात रुग्णांची कथने आहेत, त्यांच्या पत्नींची आहेत, काही मुलासुनांची आहेत, आणि त्यांच्या शेजारी त्या त्या तक्रारीमागचे शास्त्र सोप्या मराठीत दिलेले आहे. नावे सर्वत्र गाळली आहेत, कारण विश्वासाने सांगितलेले चारचौघांत मांडताना तेवढी मर्यादा पाळणे आमचे कर्तव्य होते. कथने निवडताना धैर्याच्या कथांना झुकते माप दिलेले नाही. ज्यांना उपचार नकोसा झाला, ज्यांचा संसार त्यात कोमेजला, त्यांचेही बोलणे तितक्याच आदराने घेतले आहे. वाचकाने हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचलेच पाहिजे असे नाही. नुकते निदान झालेल्याने हाडे, साखर व हृदय यांविषयीची प्रकरणे आधी वाचावीत, आणि पती-पत्नींनी सहजीवनाचा भाग शक्य तर एकत्र वाचावा.

वैद्यक व्यवसायातील वाचकांस एक विनंती. पुढल्या खेपेस इंजेक्शन देताना पीएसएच्या आकड्याबरोबर चार प्रश्न अवश्य विचारावेत: झोप कशी आहे, चालणे किती होते, मन कसे आहे, घरात बोलणे होते काय. हे विचारण्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, आणि त्यांची उत्तरे फाईलीत लिहिली गेली म्हणजे पुढल्या डॉक्टरलाही ती उपयोगी पडतात. आणि रुग्णांस आमचे सांगणे इतकेच की, डॉक्टरांनी न विचारल्यास आपण होऊन सांगावे. हाडांची तपासणी केव्हा, साखर केव्हा, व्यायाम कोणता, हे मागून घ्यावे. उपचाराने जे आयुष्य वाढविले, ते उभे राहून, बोलत आणि आपल्या माणसांच्या सोबतीने जगता यावे, हा रुग्णाचा हक्क आहे, आणि तो हक्क बजावण्यासाठी लागणारी माहिती त्याच्या भाषेत त्याच्या हाती देणे हे आपणा सर्वांचे देणे आहे. त्या देण्याचा पहिला हप्ता म्हणून हा ग्रंथ मराठी वाचकांच्या स्वाधीन करीत आहोत.

द्वारका, नाशिक